गहाण घरातील हिस्सा भावाच्या नावे करताना



या पानावर नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी लिहिले जाते. या वेळी घराविषयी लिहीत आहे, आणि त्याला कारण ऊसबिलच आहे. बिलातून घरकर्जाचा हप्ता कापला गेला की सभासद गट कार्यालयात येऊन विचारतात, "साहेब, घर तर धाकट्याच्या नावावर करून दिलं, हक्कसोड झाली, फेरही मंजूर झाला. मग कपात माझ्याच बिलातून का?" कागद पाहिले की बहुधा एकच गोष्ट आढळते. घरातील हिस्सा सोडलेला असतो, कर्ज मात्र तसेच नावावर असते.

ऊस तोडला म्हणजे फड मोकळा दिसतो, पण खोडकी जमिनीत असते आणि पाणी लागले की फुटते. गहाण घराचे तसेच आहे. घराची मालकी ही एक गोष्ट आणि घरावर काढलेले कर्ज ही दुसरी गोष्ट. हक्कसोडपत्र हा भावाभावांतील कागद आहे, त्याने मालकी बदलते. कर्जाचा करार हा तुम्ही आणि बँक यांच्यातील आहे. त्यात बँकेने सही केल्याशिवाय काहीही बदलत नाही. दोघा भावांनी मिळून कर्ज घेतले असेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे बँक संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते. "माझा वाटा अर्धा" हे बँकेला सांगून उपयोग नाही. ते भावाला सांगावयाचे असते.

आणखी एक गैरसमज फार आहे. "माझ्या अर्ध्या हिश्श्याचे अर्धे कर्ज भरतो, तेवढा भाग मोकळा करा," असे सभासद म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६० याच्या आड येते. गहाण मिळकतीतील एका हिस्सेदाराला आपल्यापुरते पैसे भरून आपलाच तुकडा सोडवून घेण्याचा हक्क नाही. बँक आपखुशीने मान्य करील तर गोष्ट वेगळी, एरवी सगळे कर्ज फिटेल तेव्हाच सगळे घर सुटेल. मात्र एका भावाने सर्व कर्ज फेडून घर सोडविले, तर दुसऱ्याच्या वाट्याची रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क त्याला याच कायद्याने दिला आहे. म्हणून हप्ता भरल्याची प्रत्येक पावती जपून ठेवावी. घरात पावती ठेवण्याची जागा म्हणजे देवळीतील जुनी वही, हे मला माहीत आहे. तरीही ठेवावी.

शेतावरचा बोजा आणि घरावरचा बोजा यांत एक मोठा फरक आहे, तो आपल्या लोकांना उशिरा कळतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता, ६० दिवसांची नोटीस देऊन गहाण मिळकत ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. शेतजमीन त्यातून वगळली आहे. घर वगळलेले नाही. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही असा वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी तो लागू असल्याचे ठरविले. म्हणजे धाकट्याने हप्ते थकविले तर नोटीस थोरल्यालाही येणार, कारण कर्जाच्या कागदावर त्याचे नाव तसेच आहे. ना घरात हिस्सा, ना घराचे भाडे, पण थकबाकीदार म्हणून नाव मात्र लागलेले. पुढे पोराच्या शिक्षणासाठी किंवा बोअरसाठी कर्ज मागायला गेला की तेही अडते. हे टाळता येते, आणि टाळण्याचा मार्ग अवघड नाही. फक्त क्रम बदलावा लागतो.

आधी बँक, मग दुय्यम निबंधक.

दोघा भावांनी मिळून बँकेला लेखी अर्ज द्यावा की, अमुक भाऊ आपला हिस्सा तमुक भावाच्या नावे करून देत आहे, तरी कर्ज त्या एकाच्या नावे करावे. बँक मग राहणाऱ्या भावाची ऐपत तपासते. सातबारा, मागील काही हंगामांची ऊसबिले, वय, इतर देणे, सगळे पाहते. एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज झेपत असेल तर नवा मंजुरी कागद व जोडकरार होतो. झेपत नसेल तर बायको किंवा कमावता मुलगा सहकर्जदार म्हणून घेता येतो, किंवा दुसऱ्या बँकेकडे कर्ज फिरविता येते. बँकेकडून दोन कागद स्वतंत्र घ्यावेत: एक, हिस्सा हस्तांतरणास ना-हरकत, दुसरा, बाहेर पडणाऱ्या भावाला कर्जदार व जामीनदार या दोन्ही नात्यांनी मुक्त केल्याचे पत्र. पहिला कागद लोक आणतात, दुसरा विसरतात. खरा कागद दुसराच आहे. शाखेत "होऊन जाईल" असे तोंडी सांगितले तर तेवढ्यावर उठून येऊ नये.

आता हिशेब. बहुतेक भांडणे येथेच होतात, म्हणून आकडे घालून सांगतो. समजा वसमतला दोघा भावांचे निम्म्या निम्म्या हिश्श्याचे घर आहे. आजची किंमत २४ लाख, कर्ज बाकी ९ लाख. थोरला म्हणतो, २४ चे निम्मे १२ लाख दे. हे चूक आहे. घर जरी २४ चे असले तरी त्यातील ९ लाख बँकेचे आहेत. दोघांचे मिळून १५ लाख, थोरल्याचे साडेसात. पुढे पाहा. आजवर ४ लाखांचे हप्ते गेले आणि ते सगळे धाकट्याच्या ऊसबिलातून गेले, थोरल्याने काही भरले नाही. त्यातील निम्मे, म्हणजे २ लाख, थोरल्याच्या वाट्याचे होते. ते वजा करून थोरल्याला साडेपाच लाख मिळावेत आणि ९ लाखांचे कर्ज धाकट्याने अंगावर घ्यावे. ताळा करून पाहा: धाकट्याचे ९ अधिक साडेपाच अधिक आधी भरलेले ४, मिळून साडेअठरा लाख जातात आणि २४ लाखांचे घर येते. त्यालाही साडेपाचच उरतात. दोघे समान. मात्र या काळात धाकटाच घरात राहत असेल तर थोरला भाड्याचे बोलेल, आणि ते बोलणे गैर नाही. तो आकडा बैठकीत बसून ठरवावा आणि लिहून ठेवावा.

कागद कोणता करावयाचा, हे मिळकत कशी आली यावर आहे. वडिलार्जित मिळकत असेल तर भाऊ, बहीण, आई, वडील, मुलगा, मुलगी, पती-पत्नी यांच्यातील हक्कसोडपत्राला महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक लागतो. तो ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये आहे. पण दोघा भावांनी स्वतःच्या पैशाने प्लॉट घेऊन घर बांधले असेल तर ही सवलत नाही. तेथे सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारभावावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक लागतो. भावाला बक्षीसपत्र करून दिले तर ३ टक्के, शिवाय स्थानिक अधिभार. दस्त लिहिण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात मिळकतीचे मूळ कागद दाखवून कोणता प्रकार लागेल ते विचारावे. नोटरीपुढे केलेले हक्कसोडपत्र, मग ते कितीही शिक्क्यांचे असो, घराच्या मालकीसाठी चालत नाही. दस्त नोंदणीकृतच हवा, आणि सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत नोंदणीस दाखल झाला पाहिजे. दस्तात बँकेचे नाव, कर्ज खाते, बाकी रक्कम आणि ते कर्ज यापुढे कोण फेडणार हे स्पष्ट लिहावे. हिस्सेदारांत कोणी अज्ञान असेल तर थांबावे. त्याच्या हिश्श्याबाबत न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

गावठाणातील घराबाबत एवढेच की, ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन ज्या गावांत मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत, तेथे त्या पत्रिकेवर नाव व बोजा दोन्ही तपासावे.

बहिणीविषयी थोडे जास्त लिहितो. महाराष्ट्रात १९९४ पासून तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना आणि २००५ पासून देशभर सर्व मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तेव्हा बहिणीच्या सहीशिवाय भावाभावांनी केलेली वाटणी टिकणारी नाही. आपल्याकडे भाऊबीजेला बहीण माहेरी आली की ओवाळणीबरोबर कागदही पुढे येतो. अक्का सही करते, विचारत नाही. माझे स्पष्ट मत आहे की सही घेण्याआधी तिला घराची किंमत आणि कर्जाची बाकी, दोन्ही आकडे सांगावेत. कर्जाला ती जामीन असेल तर तिलाही बँकेचे मुक्ततेचे पत्र मिळवून द्यावे. नाहीतर हक्क गेला आणि जामीनकी राहिली, अशी तिची स्थिती होते. हक्कसोड कोणाच्या लाभात हेही दस्तात नावानिशी लिहावे. नाव लिहिले नाही तर तिचा हिस्सा सर्व हिस्सेदारांत वाटला जातो आणि नवे भांडण उभे राहते.

काही घरांत हिस्सेदार चिडून आपला वाटा बाहेरच्या माणसाला विकतो. तसे विकता येते. पण कुटुंबाच्या राहत्या घरात त्या परक्याला एकत्र ताबा मागता येत नाही, आणि तो वाटपाच्या दाव्यात गेला तर १८९३ च्या वाटप कायद्याने घरच्या माणसाला कोर्टाने ठरविलेल्या किमतीला तो वाटा विकत घेता येतो. ज्यांच्या घरी हा प्रसंग आला आहे त्यांनी घाबरून कमी भावात तडजोड करू नये, वकिलाला भेटावे.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद परत घेणे राहून जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत करून बोजा उतरविला पाहिजे. बँकेच्या दोषामुळे उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई आहे. हे जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही लागू आहे. कागद घेताना यादीशी एकेक पान ताडून घ्यावे.

आपल्या कारखान्यापुरते सांगायचे तर, घराचा हिस्सा सोडला म्हणून कारखान्याचा भाग आपोआप भावाच्या नावे होत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज आहे. तसेच बिलातील कपात आम्ही बँकेच्या पत्रावरून करतो आणि बँकेच्या पत्रावरूनच थांबवितो. हक्कसोडपत्राची प्रत दाखवून ती थांबत नाही. ज्यांचे कर्ज भावाच्या नावे झाले आहे त्यांनी बँकेचे मुक्ततेचे पत्र व कपात बदलाचे पत्र, दोन्हींच्या प्रती सभासद क्रमांक घालून गट कार्यालयात गाळप सुरू होण्यापूर्वी द्याव्यात. पहिला हप्ता निघाल्यावर आलेले पत्र पुढील बिलालाच लागू करता येते.