केना : जमिनीखाली फुलणारे निदण

प्रभु येशूच्या दाखल्यात (मत्तय 13:24-30) गव्हामध्ये निदण पेरावयास वैरी येतो. आदिलाबाद जिल्ह्यातील काळ्या रानात केन्याला असा कोणी पेरणारा लागत नाही. तो आपले बी आपणच मातीत घालतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा दाखला घेण्यापूर्वी केन्याचे एक झाड ओल्या मातीतून हलक्या हाताने उपटून, धुऊन पाहावे, असे आम्ही सुचवितो.

कपाशीत व सोयाबीनमध्ये दिसणारी त्याची निळी फुले सर्वांच्या ओळखीची आहेत. ती सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मलूल होतात. पण धुतलेल्या झाडाच्या बुडाशी पांढरट दांडे दिसतील. त्यांवर जमिनीखालची फुले असतात. त्यांना रंग नाही, ती उमलत नाहीत, माशी-भुंग्याची त्यांना गरज नाही. मिटल्या मिटल्याच त्यांत बी धरते. भुईमुगाचे फूल वर येते व मग आऱ्या खाली जातात. येथे फूलच मुळी खाली आहे.

वरच्या बोंडात साधारणपणे पाच बिया, एक मोठी व चार लहान. खालच्यात तीन, एक मोठी व दोन लहान. मोठ्या बिया लवकर उगवतात, लहान पुष्कळदा मातीत पडून राहतात. खालचे बी आईच्या जागीच राहते, वरचे पावसाच्या पाण्याबरोबर दूर जाते. एकाच झाडाने दोन्ही सोय केली आहे!

म्हणून निंदणाला जाणाऱ्या आपल्या भगिनींचे काम संपत नाही. निळे फूल दिसेपर्यंत खाली बी धरू लागलेले असू शकते. शिवाय खुरप्याने तुटलेला तुकडा ओलीत पडला की पुन्हा मुळे धरतो. ग्लायफोसेट या तणनाशकालाही केना सहज दाद देत नाही. 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या कापूस शेतकऱ्यांना त्याने हैराण केले. तेव्हा तो फुलण्यापूर्वीच, दांड्यांसकट काढावा व ओल्या बांधावर टाकू नये.

दाखल्यातील धनी कापणीपर्यंत थांबा म्हणतो. तो न्यायाविषयी आहे, शेतीचा सल्ला नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. शेतकऱ्यांची मुले हा प्रश्न विचारतीलच. कोवळ्या केन्याची भाजी घरी होते, हेही त्यांतील कोणीतरी सांगेल. त्याला बोलू द्यावे.