बधिर पायाला इन्फ्रारेडचा शेक देण्याआधी

मधुमेह जुना झाला की पाय कुरकुरू लागतात. आधी मुंग्या, मग रात्रीची जळजळ, आणि पुढे चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. अशा वेळी कुणीतरी इन्फ्रारेडचा दिवा नाहीतर पट्टा सुचवतं. त्याने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात म्हणे. यात तथ्य आहे, पण अर्धंच.

रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने भिंतीतले स्नायू सैल पडतात आणि वाहिनी रुंदावते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. सशाच्या महाधमनीचे तुकडे प्रकाशाने सैल पडतात, हे तर फर्चगॉट यांनी १९६१ मध्येच नोंदवलं होतं. प्रयोगशाळेत ठरावीक मात्रेचा इन्फ्रारेड प्रकाश मिळाला की अस्तराच्या पेशी जोमाने वाढतात, हेही दिसलं आहे. मात्रा जास्त झाली की मात्र परिणाम उलटतो.

काचेच्या बशीतल्या पेशींवरून माणसाच्या पायाचं भाकीत करता येत नाही. अमेरिकेत ८९० नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड प्रकाश देणाऱ्या ‘ॲनोडाइन’ उपकरणाला १९९४ मध्ये परवानगी मिळाली. पुढे ६९ मधुमेहींवर त्याची चाचणी झाली: काहींना खरं उपकरण, काहींना हुबेहूब दिसणारं निकामी. रोज ४० मिनिटं, ९० दिवस. २००८ मध्ये निष्कर्ष आला, दोन्ही गटांत फरक नाही. मधुमेही बधिरतेसाठी अशा उपकरणांचा खर्च देणं तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने २००६ मध्येच बंद केलं होतं.

खरी भीती वेगळीच आहे. बधिर कातडीला चटका कळत नाही. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट दिवा लावण्याआधी गरम आणि गार पाण्याच्या दोन परीक्षानळ्या रुग्णाच्या कातडीला आळीपाळीने टेकवतात आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारतात, ‘गरम की गार?’ उत्तर चुकलं, तर शेक नाही. घरी ही चाचणी कोण करतं? फोड सकाळी दिसतो, आणि मधुमेहात तो लवकर भरत नाही.

अस्तराच्या पेशींना जागं करणारा साधा उपाय म्हणजे चालणं. रक्ताचा प्रवाह वाढला की त्याच्या घर्षणानेच त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात. तंबाखू, विडी, सिगारेट यांनी हेच अस्तर बिघडतं.

मधुमेहींनी रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत, अनवाणी चालू नये, वर्षातून एकदा नायलॉनच्या धाग्याची संवेदना चाचणी करून घ्यावी. पायावर जखम किंवा फोड दिसला, तर चालणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.