डिप्रेशनचं निदान: बेंगळुरूत खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

डिप्रेशन रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, एमआरआयमध्येही दिसत नाही. निदान होतं ते डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांतून. म्हणून पैसे मोजायचे ते डॉक्टरांच्या वेळेचे. ‘ब्रेन मॅपिंगशिवाय निदान होणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ उठावं.

निदानाला नऊ लक्षणं पाहतात. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, त्यातली पाच तरी हवीत आणि उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक हवंच. बाकीची झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधी वाटणं, हालचाल मंदावणं आणि मरणाचे विचार यांच्याशी जोडलेली. ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली फुकट मिळते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले, तर डॉक्टरांकडे जा. तेवढ्यावरून स्वतःला रोगी ठरवू नका.

सुरुवात मराठीत करायची असेल तर १४४१६ लावा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे. नोकरीसाठी इथे आलेली आपली मुलं घरी फोनवर ‘बरं आहे’ एवढंच सांगतात. त्यांना हा नंबर आवर्जून द्या.

होसूर रोडवरच्या निम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत ओपीडीचा खर्च खासगीच्या मानाने अगदी कमी, गरिबांना सवलतही. मात्र पूर्ण दिवस मोडतो. रोजंदारीवरच्या माणसाला बुडालेली मजुरीच केसपेपरपेक्षा महाग पडते, तीही हिशोबात धरा.

खासगी मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट साधारण हजार ते दोन हजारांत. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, किती वेळ देतात? दहा मिनिटांत हे काम होत नाही. पूर्वी कधी झोप नसतानाही अंगात अफाट उत्साह होता का, भरमसाट खर्च केला का, हे त्यांनी विचारायलाच हवं. तो बायपोलर आजार असेल, तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने प्रकृती बिघडू शकते. दारू, चालू औषधं, नुकतंच झालेलं बाळंतपण यांचीही चौकशी हवी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या दुसरं कारण नाही ना, हे पाहण्यासाठी असतात. त्या जरूर करा.

गोळ्यांत जेनेरिक मागा, स्वस्त पडतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात. तेवढ्या महिन्यांचा हिशोब आधीच मांडा, म्हणजे पैशांपायी औषध मध्येच सुटणार नाही. समुपदेशनाला जाताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी पाहा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच संरक्षण द्यायला हवं. पण बऱ्याच पॉलिसींत ओपीडीचा खर्च नसतो, तेवढी अट वाचा.

जीव द्यावासा वाटत असेल, तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका. निम्हान्सचा तातडीचा विभाग चोवीस तास उघडा असतो. सोबत कुणाला तरी घ्या आणि लगेच निघा.