लेकी आणि गोतावळा : एक घरगुती अभ्यास

समाजशास्त्राच्या तासाला ‘कुटुंबसंस्था’ हे प्रकरण चालू असताना सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले : विभक्त कुटुंब आणि संयुक्त कुटुंब. आपले कुटुंब यांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे प्रत्येकाने उभे राहून सांगायचे होते. माझी पाळी आली तेव्हा मला काही उत्तर देता येईना. शिधापत्रिकेवर आम्ही चौघेच आहोत : मी, माझे पती आणि आमच्या दोन मुली. सासू-सासऱ्यांची शिधापत्रिका निराळी, चूलही निराळी. म्हणजे कुटुंब विभक्त. परंतु मी वर्गात उभी होते त्याच वेळी माझी चार वर्षांची धाकटी सासूबाईंच्या घरी जेवायला बसलेली असणार आणि सात वर्षांची थोरली सासऱ्यांचे बोट धरून शाळेतून परत येत असणार. त्या दोघांनी उद्या ‘आम्हाला जमत नाही’ म्हटले, तर परवापासून माझे महाविद्यालय बंद. मग विभक्त कसे म्हणायचे?

प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. लग्न होऊन दोन मुली झाल्यावर मी पुन्हा शिकू लागले. माझे माहेर कळंब तालुक्यातले आणि सासर लोहारा तालुक्यातले. म्हणून येथील उदाहरणे बहुतेक धाराशिव जिल्ह्याच्या या दोन टोकांची आहेत. मुली वाढवताना आजी-आजोबा आणि गोतावळा यांचे नेमके काय काम असते, आणि त्या मायेत तपासून घ्यावे असेही काही असते का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

घर आणि आजोळ

आईच्या माहेराला मराठीत ‘आजोळ’ असा स्वतंत्र शब्द आहे. वडिलांच्या आईवडिलांच्या घराला तसा शब्द नाही, ते नुसते ‘घर’. मूल वडिलांकडेच वाढणार हे इतके गृहीत होते की त्याला निराळे नाव देण्याची गरज पडली नसावी. मुलीच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे. आज ती ज्याला ‘घर’ म्हणते तेच उद्या तिचे ‘माहेर’ होते आणि परवा तिच्या मुलांचे ‘आजोळ’ होते. घर एकच, पण तिचे त्याच्याशी नाते तीनदा बदलते. मुलाला हा अनुभव येत नाही.

डॉ. इरावती कर्वे यांचा भारतीय नातेसंबंधांवरील ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. भाषा आणि नातेव्यवस्था यांच्या आधारे त्यांनी भारताचे विभाग पाडले आणि महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न होत नाही, दक्षिणेत ते इष्ट मानतात. आपल्याकडे मुलाने मामाची मुलगी करणे अनेक समाजांत मान्य आहे. कर्नाटकाच्या सीमेजवळ काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही होत आले आहे. हे मुलीच्या बाजूने वाचले म्हणजे असे होते : आत्या ही तिची होऊ शकणारी सासू. या एका वाक्याचा अर्थ मला पुस्तकात कळला नव्हता, घरात कळला. तो प्रसंग पुढे येईल.

येळवस

गोतावळा म्हणजे काय हे लहान मुलीला समजावून सांगता येत नाही, दाखवावे लागते. आमच्या भागात त्यासाठी येळवस आहे. मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत व लगतच्या सीमाभागात दिवाळीच्या तोडीने साजरी होते. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरते. शेतात कडब्याची कोप उभारून आत पाच पांडव मांडतात. उंडे, भज्जी, खीर आणि माठातली आंबील यांचा नैवेद्य दाखवून पंगत बसते.

त्या पंगतीत माझ्या मुली जे शिकतात ते शाळेत शिकवता येणार नाही. ज्यांच्याशी आपली चूल वेगळी आहे, ज्यांच्याशी बांधावरून एखादे वेळी बोलणे बंद झालेले आहे, तेही एका कोपीपुढे बसतात. मोठ्या चुलतसासूबाई मुलींना कोपीत नेऊन पांडवांपुढे हात जोडायला लावतात. सासरे त्यांना ज्वारीच्या उभ्या पिकातून फिरवतात आणि कोणते रान कोणाकडून कोणाकडे आले ते सांगतात. थोरलीने गेल्या वर्षी त्यांना विचारले, “आबा, यातलं माझं रान कोणतं?” सासरे हसले आणि पुढे चालू लागले. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला आणि २००५ साली तो देशभर लागू झाला. कायद्याने उत्तर दिलेले आहे. घरांनी अजून दिलेले नाही. बहिणीने साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करायची आणि त्या बदल्यात माहेरची वाट मोकळी ठेवायची, हा अलिखित व्यवहार अजून चालू आहे.

आईबाप उसाच्या फडात असतात तेव्हा

माहेरच्या बाजूला येळवशीचे चित्र निराळे असते. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यामुळे आईला मागे राहता येत नाही. परत यायला उन्हाळा लागतो. म्हणजे येळवशीच्या दिवशी अनेक मुलींजवळ आई नसते, वडील नसतात, असते ती आजी.

माझ्या माहेरच्या शेजारी अशी एक आजी आहे. सून आणि मुलगा फडात गेले की दोन नाती तिच्याजवळ. पहाटे उठून भाकरी, पाणी, वेणीफणी, मग स्वतः दुसऱ्याच्या रानात खुरपायला. शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय केली. मुलांची शाळा गावातच चालू राहावी, त्यांना जेवण मिळावे, हा त्यामागचा हेतू. योजना चांगली आहे, परंतु रात्री मुलीला कुशीत घेऊन झोपणारे माणूस योजनेत पुरवता येत नाही. जिथे असे माणूस नसते तिथे मुलगी आईबापांबरोबर फडात जाते, धाकट्या भावंडांना सांभाळते आणि तिची शाळा सुटते. किंवा ‘वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची?’ म्हणून तिचे लग्न उरकले जाते. १९७८ पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय १८ आहे, हे सर्वांना ठाऊक असूनही.

येथे आजी ही केवळ मायेची व्यक्ती राहत नाही. नातीचे शिक्षण तिच्यावर उभे असते. आपण मात्र तिच्या श्रमाला ‘माया’ म्हणून मोकळे होतो. तिचे गुडघे दुखतात, तिला दिसत नाही, ती थकली आहे, याची नोंद कोणी घेत नाही.

वाडा पडला, गोतावळा पांगला

माझ्या सासरी गोतावळा एका रात्रीत बदलला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा आणि आपल्या जिल्ह्यातील आजच्या उमरगा-लोहारा भागात हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे असलेली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे कुटुंबागणिक देण्यात आली.

घरे मजबूत झाली, रस्ते रुंद झाले. पण सासूबाई सांगतात, “वाड्यात एक लेकरू रडलं की चार बाया उठायच्या. आता रडणं भिंतीच्या बाहेर जात नाही.” एका वाड्यात राहणारे चार भाऊ नव्या गावात चार गल्ल्यांत गेले. म्हणून आमच्याकडे गोतावळा आपोआप टिकत नाही, चालत जाऊन टिकवावा लागतो. सासरे रोज दोन गल्ल्या ओलांडून थोरलीला शाळेत न्यायला येतात, ते या चालत जाण्याचेच एक उदाहरण आहे.

मायेची दुसरी बाजू

येथवर वाचून कोणी म्हणेल की लेखिकेला आपल्या गोतावळ्याचे कौतुक करायचे आहे. कौतुक आहेच. पण अभ्यास म्हटला की दुसरी बाजूही लिहिली पाहिजे.

धाकटी झाली तेव्हा सासूबाई दवाखान्यातल्या बाकावर बसून होत्या. मुलगी झाली हे कळल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “असू दे, पुढच्या वेळी होईल.” आम्ही दोघांनी ‘पुढची वेळ’ नको असे ठरवले होते. ते सांगितल्यावर त्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. परंतु त्या दोन महिन्यांत रोज सकाळी येऊन बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे, धुरी देणे, माझ्यासाठी डिंकाचे लाडू करून ठेवणे यात एका दिवसाचाही खंड पडला नाही. नातू हवा असणारी आणि नातीला न्हाऊ घालणारी बाई एकच होती. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र असू शकतात, हे मी तेव्हा शिकले.

त्यांच्या त्या एका वाक्याच्या मागे मोठा आकडा उभा आहे. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ उरल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात त्या वर्षी हा आकडा ८०७ होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा केंद्रीय कायदा असूनही हे घडले. हे आकडे परक्या माणसांनी घडवलेले नाहीत. ‘पुढच्या वेळी होईल’ असे म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांच्या घरांतूनच ते तयार झाले.

आता आत्याचा प्रसंग. थोरली चालू-बोलू लागल्यापासून तिची आत्या तिला ‘माझी सून’ म्हणत असे. गावात हे सर्रास चालते आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. मीही हसत असे. एके दिवशी शाळेत नव्या बाईंनी सर्वांना नावे विचारली. माझी मुलगी उभी राहून म्हणाली, “मी आत्याची सून.” वर्ग हसला. घरी येऊन तिने मला विचारले, “आई, मी मोठी झाल्यावर तुझ्याजवळ नसणार का?” ती तेव्हा सहा वर्षांची होती.

मी नणंदेला म्हटले, “वन्सं, तिला नावानंच हाक मारत जा.” त्यांना ते लागले. “भाचीचं कौतुकबी करू नये का?” असे म्हणून त्या निघून गेल्या आणि त्या वर्षी येळवशीला आल्या नाहीत. पंगतीत त्यांची जागा रिकामी राहिली. सासूबाई माझ्यावर चिडल्या. लेकीला माहेर तुटले, असे त्यांचे म्हणणे. ते चूकही नव्हते. मी एका लेकीसाठी बोलले आणि दुसऱ्या लेकीची वाट अडवली, असे मला रात्री वाटत राही.

पुढे एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता सासूबाई आपण होऊन बोलू लागल्या. त्यांनाही पाळण्यात असल्यापासून आत्याची सून म्हणत. पाचवीत शाळा सुटली. चौदाव्या वर्षी लग्न झाले. “मास्तर घरी आले होते, पोरीला शिकवा म्हणाले. पण सगळ्यांचं ठरलेलंच होतं. माझ्यासाठी ‘नको’ म्हणणारं कुणी नव्हतं बाई.” एवढे बोलून त्यांनी टोपले उचलले आणि आत गेल्या. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः लेकीकडे निरोप धाडला. काय निरोप दिला ते मला सांगितले नाही. यंदाच्या येळवशीला वन्सं आल्या. माझ्याशी बेताचेच बोलल्या. परंतु आंबील वाढताना त्यांनी थोरलीला तिच्या नावाने हाक मारली.

समारोप

सरांच्या प्रश्नाला मी आता असे उत्तर देईन : आमच्या चुली विभक्त आहेत, मुली संयुक्त आहेत. त्या एकट्या आईबापांच्या नाहीत. त्यांच्या वाढण्यात आजीचे हात, आजोबांचे पाय आणि आत्या, मामा, मावशी, चुलती यांची हाक मिसळलेली आहे. हे धन जपले पाहिजे. मुलींना सुट्टीत आजोळी धाडावे, येळवशीला शिवारात न्यावे, आजीजवळ बसून तिच्या लहानपणाच्या गोष्टी विचारायला सांगावे. आजी-आजोबांच्या दुखण्याखुपण्याकडे आपण लक्ष द्यावे, कारण आपले शिक्षण आणि नोकरी त्यांच्या जोरावर चाललेली आहे.

मात्र जपणे म्हणजे जसेच्या तसे ठेवणे नव्हे. धान्य आपण पाखडून मगच कणगीत भरतो. मुलीचे लग्न, तिची शाळा आणि तिचा वाटा या तीन बाबतींत गोतावळ्याने तिच्या वतीने आधीच ठरवू नये, एवढे आपण नम्रपणे पण स्पष्ट सांगितले पाहिजे. सांगितल्यावर काही दिवस बोलणे बंद होईल, एखादी जागा पंगतीत रिकामी राहील. ते सोसावे लागेल. पण माझा अनुभव असा की आपल्या आज्यांना हे आपल्यापेक्षा अगोदर कळलेले असते. त्यांना विचारणारे कोणी भेटले नव्हते, इतकेच.

थोरलीने आबांना विचारलेला रानाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. पुढच्या येळवशीला ती तो पुन्हा विचारील असे दिसते. या वेळी मी त्यांच्या मागे न राहता बरोबरीने चालायचे ठरवले आहे.