बरे वाटू लागले? आता खरे पथ्य!

“डॉक्टर, आता बरं वाटतंय. सोमवारपासून कामाला जाऊ का?” तापातून उठलेल्या रुग्णांचा हा प्रश्न पनवेलच्या माझ्या दवाखान्यात नेहमीचाच. साध्या तापात मी होकार देतो. परंतु क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकालीन थकव्याच्या विकारातून सावरणाऱ्याला मी आधी समोर बसवतो.

हा आळस नव्हे. पुष्कळदा एखाद्या विषाणूजन्य तापानंतर याची सुरुवात होते. कोविडनंतरही असे रुग्ण दिसले. सहा महिन्यांहून अधिक टिकणारा थकवा, झोपूनही न येणारी तरतरी, विसराळूपणा, उभे राहिल्यावर चक्कर ही याची लक्षणे. मुख्य खूण अशी की, श्रमाची शिक्षा बहुधा लगेच मिळत नाही, १२ ते ४८ तासांनी मिळते. सोमवारी बाजार केला की बुधवारी अंथरूण! निदानाची एकच अशी तपासणी नाही. म्हणून रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, क्षयरोग यांची शंका आधी दूर करावी.

काही वर्षांपूर्वी एका भगिनीला मीच सांगितले, “वडाळे तलावाकाठी फिरा, रोज पाच मिनिटे वाढवा.” दुसऱ्या आठवड्यात दुखणे उलटले. घरचे म्हणाले, “नुसती ढोंगं!” मलाही मनातून तसेच वाटले, हे आज कबूल करतो. तेव्हा अनेक डॉक्टर हाच सल्ला देत. २०२१ साली इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. ठरावीक मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मग पूर्ववत जीवनाकडे कसे वळावे?

१) दोन आठवडे वहीत रोजची कामे लिहा. पुढचे दोन दिवस कसे गेले, तेही लिहा. आपली मर्यादा वहीच सांगेल.

२) जेवढे झेपते त्याहून थोडे कमीच करा. थकण्याआधी विसावा घ्या.

३) एका वेळी एकच काम वाढवा. ते काही आठवडे पचले, तरच दुसरे. त्रास झाला तर निमूट मागे या.

४) वाचन, हिशेब, पाहुण्यांशी गप्पा हेही श्रमच आहेत.

५) नोकरीची सुरुवात शक्य तर अर्ध्या दिवसाने करा. पनवेलहून मुंबईला लोकलने जाण्यातच तासाहून अधिक वेळ जातो. गर्दीतला तो प्रवासही कामात धरा.

घरच्यांना एक विनंती. “आता तर चांगली दिसतेस” म्हणून गौरी-गणपतीचा सगळा स्वयंपाक तिच्यावर टाकू नका. चांगली दिसते, कारण ती जपून वागते आहे.

सर्वांनाच पूर्वीची ताकद परत मिळते असे नाही. खोटी आशा मी देणार नाही. ती भगिनी आज घरचा स्वयंपाक करते, दुपारी पडते आणि आठवड्यातून तीन दिवस शिकवणी घेते. पूर्वीइतके नाही, पण दुखणे पुन्हा उलटलेले नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वाडवडील सांगत. या आजारात अंथरूण हळूहळू वाढू शकते. मात्र पाय ताणून ते वाढत नाही, एवढे ध्यानात ठेवा.