स्कॉलरशिपचे पेढे वाटण्याआधी

आमच्या मोठीला अमेरिकेतल्या एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलं. दरवर्षी 25 हजार डॉलर आणि स्कॉलरशिपला एका देणगीदाराचं भारदस्त नाव. पुण्याला फोन झाले, इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च किती, हे मात्र कोणी विचारलं नाही. तो होता 85 हजार. म्हणजे स्कॉलरशिप मिळूनही 60 हजार आमच्या खिशातून जाणार होते.

त्याच आठवड्यात आणखी एका नावाजलेल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. तिथून दमडीही नव्हती, कारण तिथे आम्ही आर्थिक मदतीचा फॉर्मच भरला नव्हता. दोघांचं मिळून 1 लाख 70 हजार डॉलर उत्पन्न असताना मदत कसली मागायची, असं यजमानांचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. ‘मेरिट’वर पैसे मिळणं भूषणाचं आणि गरज दाखवून घेणं कमीपणाचं, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं. पुढे कुतूहल म्हणून त्या कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर चालवून पाहिला. आमच्या उत्पन्नाला तिथला अंदाज निघाला 48 हजार. कौतुकाचं पत्र मिळालेल्या ठिकाणापेक्षा 12 हजारांनी कमी.

मेरिट स्कॉलरशिप बऱ्याच खासगी कॉलेजांत हुशारीचं बक्षीस कमी आणि फीमधली सूट जास्त असते. लक्ष्मी रस्त्यावरच्या सेलमध्ये आधी किमतीचं लेबल चढवून मग ‘भरघोस सूट’ची पाटी लावतात, तसलाच प्रकार. अमेरिकेतली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपल्या छापील फीतून सरासरी निम्म्याहून जास्त रक्कम या ना त्या नावाने सोडतात. ज्या कॉलेजला चांगल्या गुणांची मुलं दुसरीकडे जाऊ द्यायची नसतात, ते मेरिटचं आमिष लावतं. ज्यांच्या दारात रांग आहे त्यांना त्याची गरज नसते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी इथे मेरिट स्कॉलरशिप नाहीच. तिथली मदत फक्त कुटुंबाची ऐपत पाहून मिळते, आणि ऐपतीची रेषा आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप वर आहे. 2025 च्या शैक्षणिक वर्षापासून हार्वर्ड आणि एमआयटीत 2 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या, नेहमीसारखी मालमत्ता असलेल्या कुटुंबाला शिक्षण शुल्क माफ आहे. प्रिन्स्टनने ही मर्यादा बहुतेक कुटुंबांसाठी अडीच लाखांवर नेली आहे. तिथे प्रवेश मिळणं महाकठीण, हे मान्य. पण ‘आम्हाला कोण देणार’ म्हणत फॉर्म न भरणाऱ्या आयटीतल्या जोडप्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

गरज मोजतात कशी? फाफ्सा हा सरकारी फॉर्म आणि बऱ्याच खासगी कॉलेजांना लागणारा सीएसएस प्रोफाइल, दोन्ही सहसा 1 ऑक्टोबरला उघडतात. उत्पन्न मात्र दोन वर्षांपूर्वीचं धरतात. 2027 च्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी 2025 चा टॅक्स रिटर्न पाहिला जाईल. म्हणजे मूल दहावीत असताना तुम्ही घर घ्यायला कंपनीचे शेअर विकले, की त्यावरचा नफा उत्पन्न म्हणून हिशोबात येऊन बसतो. बारावीत जागे होणाऱ्या पालकांना याचं काही करता येत नाही.

आणि पुण्याचा फ्लॅट! फाफ्सा राहतं घर मोजत नाही (सीएसएस वापरणारी बरीच कॉलेजं मोजतात), पण तुमच्या नावावरचं दुसरं घर जगात कुठेही असो, ती गुंतवणूक समजली जाते. आमच्या फ्लॅटमध्ये सासू-सासरे राहतात, भाडं शून्य, पण कागदावर नाव यजमानांचं. पालकांच्या मालमत्तेचा दरवर्षी जास्तीत जास्त 5.64 टक्के भाग शिक्षणासाठी उपलब्ध आहे असं फाफ्साचं गणित धरतं. दीड कोटींच्या फ्लॅटवर कर्ज नसेल तर तो ढोबळमानाने पावणेदोन लाख डॉलर होतो, आणि कागदोपत्री तुमची ऐपत वर्षाला नऊ-दहा हजारांनी वाढते. तो लपवायचा विचार मनात आणू नका. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. सीएसएसमध्ये विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. तिथे ‘वृद्ध आई-वडील राहतात, उत्पन्न नाही, दरमहा इतके पैसे पाठवतो’ हे स्पष्ट लिहा. कॉलेज ते मानेलच असं नाही. पण लिहिलंच नाही तर मानायचा प्रश्नच येत नाही. आजी-आजोबांनी हौसेने नातवंडाच्या नावावर ठेवलेल्या पैशांचं आणखी वाईट: मुलाच्या स्वतःच्या मालमत्तेचे 20 टक्के धरले जातात.

मोठी शेवटी स्कॉलरशिपवाल्या विद्यापीठातच गेली. फी दरवर्षी चार टक्क्यांच्या आसपास वाढत गेली, स्कॉलरशिप 25 हजारांवर स्थिर. चौथ्या वर्षी आमचा वाटा 70 हजारांच्या पुढे गेला. स्कॉलरशिप टिकवायला 3.5 जीपीए लागत होता. शाळेत कायम पहिली येणाऱ्या मुलीला त्यात काय अवघड, असं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीने तिला 3.4 वर आणलं आणि स्कॉलरशिप थांबली. पत्रव्यवहारात एक सत्र गेलं, मग ती परत मिळाली. त्या सहा महिन्यांत पोरगी किती कोमेजली, ते आम्ही पाहिलं. गरजेवर आधारित मदतीला सहसा उत्तीर्ण होत पुढे सरकणं पुरतं; मात्र ती दरवर्षी नव्याने मोजतात, पगार वाढला की मदत घटते. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला विचारून लेखी घ्या: जीपीएची अट किती, मुख्य विषय बदलला तर काय, फी वाढेल तशी स्कॉलरशिप वाढेल का.

धाकट्याच्या वेळी प्रत्येक ठिकाणी दोन्ही फॉर्म भरले. त्याला जिथे प्रवेश मिळाला त्या छोट्या कॉलेजच्या पत्रात कौतुकाचा एक शब्द नव्हता, नुसतं कोष्टक होतं. ताई कॉलेजात शिकत असल्याचं त्यांनी हिशोबात धरलं होतं. फाफ्साने 2024-25 पासून हा विचार बंद केला, पण सीएसएस वापरणारी बरीच कॉलेजं अजून करतात. आमचा वाटा आला 34 हजार.

अशा कोष्टकात ‘एकूण मदत’ या ओळीवर जाऊ नका. तिच्यात अनेकदा ग्रँट, कर्ज आणि कॅम्पसवरच्या नोकरीचा अपेक्षित पगार सगळं एकत्र घातलेलं असतं. परत न द्यायची रक्कम तेवढी वेगळी काढा. बाहेरच्या एखाद्या संस्थेची स्कॉलरशिप मिळाली, तर ती आमच्या ग्रँटमधून कापणार की कर्जातून, हेही आधी विचारा. काही कॉलेजं सरळ स्वतःची ग्रँट तेवढ्याने कमी करतात, आणि मुलाने रात्र-रात्र जागून लिहिलेल्या निबंधांचा फायदा कॉलेजच्या तिजोरीला होतो. मला याचा अजूनही राग येतो.

पालकांच्या वर्क व्हिसामुळे एच-फोर व्हिसावर असलेल्या मुलांना मात्र सरकारी मदत मिळत नाही, आणि बरीच खासगी विद्यापीठं त्यांना परदेशी विद्यार्थी धरतात. भारतातून अर्ज करणाऱ्यांचंही तेच. अशा वेळी मदत मागितल्याने बहुतेक ठिकाणी प्रवेशाची शक्यता घटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन अशी मोजकीच नावं परदेशी मुलाचा प्रवेश ठरवताना पैसे पाहत नाहीत. शिवाय पहिल्या वर्षी मदत मागितली नाही तर पुढे मागता येणार नाही, असा नियम काही कॉलेजांत असतो. ‘एक वर्ष कसंबसं भरू, मग बघू’ हा बेत तिथे चालत नाही.

नोकरी गेली असेल तर गप्प बसू नका. दोन वर्षांपूर्वीच्या पगारावर मोजलेली मदत बदलायचा अधिकार कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला असतो. नोकरी गेल्याचं पत्र जोडून फेरविचाराचा अर्ज करा, दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर तेही पत्र जोडा. अर्ली डिसिजनने ‘प्रवेश मिळाला तर इथेच येईन’ असा आधीच शब्द दिला असेल तर मात्र तुलना करायला हातात दुसरं पत्रच नसतं.

मूल नववी-दहावीत असेल तर या शनिवारी टॅक्स रिटर्न घेऊन बसा आणि त्याच्या मनातल्या चार कॉलेजांचे कॅल्क्युलेटर चालवून पाहा. खरे आकडे भरा, पुण्याच्या फ्लॅटसकट. आणि मुलालाही शेजारी बसवा.