निळी गोळी आणि नववीचा वर्ग

१. 'हिचं लक्षच नसतं' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत नेहमीचं. नववी-दहावीच्या मुलींना शिकवता शिकवता मला उमगत गेलं, की आधी रक्त तपासावं, मग स्वभाव. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण सुमारे २० टक्के ऊर्जा त्यालाच लागते. लोह कमी पडलं की प्राणवायूचा पुरवठा घटतो, डोपामिनसारखी रसायनंही नीट तयार होत नाहीत. मग मुलगी चिडचिड करते, नाहीतर गप्प होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. मुलग्यांत ३१ टक्के. हे आकडे वाचल्यापासून हजेरी घेताना मी चेहऱ्यांकडे बघते.

२. शाळेतली खिचडी नको त्या वर्षी थांबते. पोषण आहार आठवीपर्यंतच. पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते, लोहाची गरज ऐन भरात असते आणि नववीत ताट बंद! लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी मात्र दर आठवड्याला असते. सकाळी चहा-बटर खाऊन आलेल्या पोरीनं दुपारी ती रिकाम्या पोटी घेतली, तर मळमळणारच. पुढच्या वेळी गोळी दप्तरात जाते. तिला काय बोलणार? डबा खाल्ल्यावरच गोळी द्यायची, आणि जिचा डबा नाही तिच्यासाठी काहीतरी ठेवायचं, एवढं आमच्या हातात आहे. दहावीपर्यंत जेवण मिळायला हवं, हे मात्र मी बोलतच राहणार.

३. जेवणाला लागून घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू मदत करतात. पालकसभेत आया हे लगेच मनावर घेतात. खर्च वाढत नाही ना!

४. लोहानं सगळं भागत नाही. बी-१२ कमी असलं तरी थकवा येतो, विसरायला होतं, हातापायांना मुंग्या येतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं १९९३ पासून जवळच्या गावांतल्या आया आणि मुलांचा माग ठेवला. तिथे ही कमतरता सर्रास दिसली. शाकाहारी घरात दूध-दही हाच बी-१२ चा मुख्य आधार, आणि घट्ट दूध डेअरीला जातं.

५. रक्त सुधारूनही काही मुली उदासच राहतात. घरातलं भांडण, लग्नाची बोलणी, परीक्षेची धास्ती यांवर गोळी नसते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी मुलींना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.